बाबा, बारक्याशी बोला

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर दादाच्या बारक्याचा, त्याच्या त्या बुरुजावरच्या रीलचा विषय काढला की बाबा लगेच पाऊसपाण्याचं विचारतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवूया. आई, चष्मा लावून सावकाश वाच आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

परवा रात्री मी एक इंग्रजी पिक्चर बघितला, फॉल नावाचा, 2022 चा, स्कॉट मान म्हणून दिग्दर्शक आहे. भूतबित काही नाही त्यात पण मी उशी घट्ट धरून बसले होते. दोघी मैत्रिणी, एकीचा नवरा डोंगर चढताना तिच्या डोळ्यादेखत पडून गेलेला, ती वर्षभर दारूत बुडालेली, आणि दुसरी म्हणजे सोशल मीडियावर असले धाडसाचे व्हिडिओ टाकणारी. ही दुसरी तिला म्हणते चल, भीती घालवायची तर परत उंचावर जायचं, आणि वाळवंटातल्या एका बंद पडलेल्या टीव्ही टॉवरवर दोघी चढतात. 2000 फूट उंच! म्हणजे बघा, आपला पन्हाळा खालच्या सपाटीपासून साधारण 400 मीटर असेल, आणि हा नुसता लोखंडाचा खांब 600 मीटरच्या वर. वर पोचल्यावर ती व्हिडिओवाली एका हातानं लटकून फोटो काढते, मैत्रिणीलाही लटकायला लावते, ड्रोन उडवते, सगळं फॉलोअर्ससाठी. आणि उतरायला लागतात तर गंजलेली शिडीच तुटून खाली जाते. वरच्या एवढ्याशा जाळीवर दोघी अडकतात, पाण्याची बॅग टॉवरच्याच खालच्या डिश अँटेनावर पडलेली आणि फोनला रेंज नाही.

बाबा, तुम्हाला शूटिंगचा लय नाद, आपल्या कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओच्या गोष्टी तुमच्याकडूनच ऐकत आम्ही मोठे झालो, म्हणून सांगते, यांनी टॉवरचा वरचा भाग खरोखर बांधून डोंगराच्या कड्यावर उभा केला आणि तिथं शूटिंग केलं, त्यामुळे मागचं आभाळ आणि खालची खोली खरी वाटते. नट्यांच्या केसातला वारा सुद्धा खरा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. खाली लांबवर दोन माणसं असतात, त्यांना या दोघी वरून फ्लेअर, म्हणजे मदतीसाठीचा उजेडाचा बाण, उडवून दाखवतात, ती माणसं बघतात आणि काय करतात, तर यांची गाडीच चोरून घेऊन जातात. मला तिथं बारक्याच्या पन्हाळ्याच्या त्या पुसाटी बुरुजावरच्या रीलखालचे बदाम आणि आगीची चित्रं आठवली. तटाच्या बाहेर पाय सोडून बसलाय पोरगं आणि खाली कोण लिहितंय नाद खुळा, कोण लिहितंय भावा अजून पुढं सरक. त्यातल्या एकानं तरी मागे हो म्हटलं का, मी सगळ्या कमेंट वाचल्या, एकानंही नाही.

बाबा तुम्ही त्याला झापलात ते बरोबरच होतं. मी असते तर मीही झापलं असतं. पण त्यानंतर जो अबोला धरलाय तुम्ही दोघांनी, एका घरात राहून, ताट वाढलं की एक उठतो मग दुसरा बसतो, हे मला बघवत नाही हो.

तो मला फोन करतो. आत्याला सगळं सांगतो, तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिते. त्याचं म्हणणं असं की बुरुजावरच्या रीलला जेवढे व्ह्यूज आले तेवढे त्याला आयुष्यात कधी आले नव्हते, कॉलेजात पोरं नावानं हाक मारायला लागली, तालमीतली मोठी पोरं गाडीवर बसवून न्यायला लागली. मग त्यानं रंकाळ्यावरची संध्याकाळ टाकली, तुमच्यासोबत भजी खातानाची एक टाकली, ती कोणी बघितलीच नाही. ते ॲप जे लोक थांबून बघतात तेच पुढं ढकलतं, आणि लोक थांबतात ते पोरगं पडतंय का काय म्हणून. म्हणजे पुढच्या वेळी अजून काठावर जावं लागतं. आता तो राऊतवाडीचा धबधबा म्हणतोय, पावसाळा सुरू झाला की. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय.

आणि बघायची आणि दाखवायची हौस काय आजची आहे का? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला गेलं की आपलं अर्धं गाव पाणी बघायला बाहेर पडतंय, तुम्हीच मला आणि दादाला खांद्यावर घेऊन न्यायचात. फरक एवढाच की तुम्ही आमचा हात धरून उभे असायचात आणि पाणी वाढलं की चला म्हणायचात.

आता पिक्चरचा शेवट सांगते, रस जाईल पण जाऊ दे. त्या पहिल्या मुलीचा बाप असतो. त्यानं तिला आधीच सांगितलेलं असतं की तुझा नवरा तू समजतेस तसा माणूस नव्हता, आणि तिला ते इतकं झोंबतं की ती त्याचे फोन उचलत नाही. वर टॉवरवर तिला कळतं की बाप खरं बोलत होता. बाप बरोबर होता बाबा, पण त्याच्या बरोबर असण्याचा तिला त्या जाळीवर काय उपयोग झाला? उपयोग झाला तो एवढाच की सगळ्यात शेवटी, कसाबसा फोन खाली रेंजमध्ये पोचवायची सोय झाल्यावर, मेसेज कुणाला करायचा हे तिला शोधावं लागलं नाही. तिनं बापाला केला, आणि तो धावत आला. त्या व्हिडिओ बघणाऱ्या हजारो लोकांतलं कोणी आलं नाही.

बारक्या उद्या कुठं अडकला तर तुम्हाला फोन करेल का? मी त्याला हे विचारलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, आजोबा उचलायचे नाहीत. मला तेव्हापासून काही सुचत नाहीये.

मोबाईल काढून घेऊ नका, दादानं एकदा घेऊन बघितलाय, पोरगं मित्राच्या फोनवर करतंय. त्याला तुमच्याबरोबर घ्या. तुम्हाला पन्हाळ्याचा एकेक दगड माहीत आहे, सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना, कुठं काय घडलं ते तुम्ही सांगा आणि त्याला शूट करू दे. लोक बघतील न बघतील. काठ कुठं संपतो ते सांगायला तुम्ही शेजारी असाल.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. रविवारी दुपारी पिक्चर टीव्हीवर लावूया, सगळे मिळून बघू, आई तुला उंचीची भीती वाटत असेल तर चढतानाचं बघू नकोस. पण बाबा, तोपर्यंत थांबू नका, आज संध्याकाळी तो क्लासवरून आला की तुम्हीच आधी हाक मारा, जेवलास का एवढं विचारलं तरी पुरे.

तुमची,
ताई