बंड्यास, दुबईहून

दुबई, जून २०२५

प्रिय बंड्या,

आठ महिने ना पत्र ना फोन. शिव्या घालशीलच, घाल. तब्येती ठीक, हिची शुगर आटोक्यात आहे.

गेल्या सप्टेंबरात दुबईची बास्केटबॉल टीम एबीए लीगमध्ये उतरली. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो इथल्या क्लबांची ही लीग. १६ टीम, त्यात दुबई एकटीच बाहेरची. घरची पहिली मॅच थेट बेलग्रेडच्या रेड स्टारशी! ओम्याला घेऊन गेलो. जिंकल्यावर तो माझ्या गळ्यात पडून ओरडला, "बाबा, आपण जिंकलो!"

सतरा वर्षांत इथल्या कशालाच मी 'आपण' म्हटलं नव्हतं रे. पोरगं इथेच जन्मलं, पण तेही व्हिसावरच.

मग सगळा सीझन घरात तेच. त्याचा लाडका बेर्तान्स, लाटव्हियाचा, एनबीएत खेळून आलेला. लहानपणी लाकूड कापताना त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचा तुकडा गेला, तरी लांबून तीन पॉइंटांचा थ्री-पॉइंटर मारतो त्याच हाताने. ओम्या अनामिका दुमडून तिला चिकटपट्टी लावतो आणि रात्री दहाला, घामाने निथळत, बिल्डिंगखालच्या रिंगवर नेम धरतो. मला तुझं प्लॅस्टरमधलं बोट आठवतं. बाकी, आंतरशालेय फायनलला बॉल हातात धरून तू जास्त पावलं टाकलीस, स्टेप्स झाल्याच होत्या. रेफरीने नाही दिल्या, मी आजही देतो.

सेमीफायनलला बेलग्रेडचीच पार्टिझान आली, तीन मॅचची सिरीज. कोच ओब्रादोविच, युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, नऊ वेळा जिंकलेला माणूस. आपण २-१ने हरलो. ओम्या उशीत तोंड खुपसून रडला, मग डोळे पुसून म्हणाला, "पुढच्या सीझनला बघू त्यांना." मी उठून बाल्कनीत गेलो.

कारण पुढचा सीझन आम्हाला इथे नाही, बंड्या. कंपनी इथलं ऑफिस बंद करतेय. ऑगस्टअखेर नागपूर. हिला माहीत आहे, ओम्याला नाही. रोज ठरवतो, आज जेवताना सांगायचं. रोज तो पुढच्या वर्षीचं तिकीट, जर्सी, कोण राहील, कोण जाईल यावर बोलत सुटतो आणि माझा घास तोंडातच फिरतो.

नववीत तुझ्या बाबांची चंद्रपूरला बदली झाली, तेव्हा तू मला सामान ट्रकमध्ये चढल्यावर सांगितलंस. दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. मला वाटायचं, तू मुद्दाम लपवलंस. परवा बाल्कनीत पहिल्यांदा मनात आलं, तुला तरी आधी सांगितलं होतं का रे कोणी? सांगितलं असेल तर केव्हा, कसं, आणि तुला काय वाटलं? खरं लिही. मला तसंच करायचं आहे, किंवा तसं अजिबात करायचं नाही.

पिंकीचा दहावीचा निकाल कळला, तिला शाबासकी. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं?

आणि ग्राउंडवरची ती डावीकडे वाकलेली रिंग अजून आहे का, जाऊन बघून ये. ओम्याला तिची सवय करावी लागेल.

तुझा,
मध्या