टर्बो बसवण्याआधी इंजिनात पिस्टन कोणते आहेत ते विचारा

माननीय संपादक,
स. न.

दहा-बारा वर्षे जुनी पण नीट सांभाळलेली पेट्रोल गाडी विकवत नाही आणि नव्या टर्बो गाड्या शेजारून भर्रकन पुढे जातात. मग वागळे इस्टेट असो की तुर्भे, गॅरेजात विषय निघाला की दोनच सल्ले मिळतात: टर्बो किट (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवून घ्या, नाहीतर फिल्टर, हेडर (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून आहे त्याच इंजिनातून ताकद काढा. दोन्हींत तथ्य आहे. पण आपल्या इंजिनाला काय झेपेल आणि आपल्या रस्त्यांवर काय कामाला येईल, हे न बघता पैसे ओतले जातात, आणि सहा महिन्यांत इंजिन खोलायची वेळ येते. म्हणून हे पत्र.

दीड लिटरचे, ११८ पीएसचे (अश्वशक्तीचे) इंजिन घेऊ. २००८ ची होंडा सिटी अशीच होती. तिचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) १४६ न्यूटन मीटर, तोही ४८०० आरपीएमला. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा सिलिंडरच्या मापाएवढीच जाते, त्यामुळे टॉर्क फारसा वाढवता येत नाही. तोच टॉर्क आणखी वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायचा, एवढाच मार्ग उरतो. असे १५० पीएस काढायचे तर हेडचे पोर्टिंग (हवेचे मार्ग घासून मोकळे करणे), जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारे कॅम, वाढवलेले कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण), मोकळा एक्झॉस्ट आणि वर नेलेली रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) हे सगळेच लागते. शिवाय कॉम्प्रेशन १० वरून ११ केल्याने मिळतात जेमतेम दोन-अडीच टक्के. एवढे करून ती ताकद सात हजार आरपीएमच्या आसपास हाती येते. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये १५०० ते २५०० आरपीएमवर रांगणाऱ्याला तिचा उपयोग नाही. उलट असे कॅम खालचा पिकअप खातात, आयडलिंग थरथरते आणि अॅव्हरेज पडते.

टर्बोचा हिशेब वेगळा. ०.४ बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) म्हणजे कागदावर चाळीस टक्के जास्त हवा. पण हवा दाबली की तापते. बाहेर ३७ अंश असताना ६५ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर ती ८५ अंशांपर्यंत नेतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसेल तर खरी वाढ २१ टक्क्यांवर येते. चांगल्या इंटरकूलरने हवा ५२ अंशांपर्यंत उतरली तर ३३ टक्के मिळते. म्हणजे एवढ्याशा बूस्टवर ११८ चे १५० पीएस होतात, आणि टॉर्क मधल्या आरपीएमला येतो, जिथे तो रोज हवा असतो. रुपयामागे मिळणाऱ्या ताकदीत टर्बो पुढे आहे, हे मान्यच करायला हवे.

मग अडते कुठे? कॉम्प्रेशनवर आणि पिस्टनवर. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेटचे कॉम्प्रेशन १२ ला १ आहे; त्याच कंपनीने बलेनो आरएसमध्ये टर्बो दिला तेव्हा ते १० ला १ ठेवले. टर्बोसाठीच घडवलेल्या इंजिनात पिस्टन जाड असतात, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणारे जेटही असतात. साध्या इंजिनात हे सहसा नसते. तिथे बूस्ट चढला, हवा गरम असली आणि ठिणगीचे टायमिंग पुढे राहिले की नॉकिंग (मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप पेटणे) सुरू होते. बाहेर ते खडखडल्यासारखे ऐकू येते. आत पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी तडकते. मग ऑईल जळते, धूर येतो, एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन बसते. जाड हेड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन कमी करायचा स्वस्त उपाय सुचवला जातो. तो घेऊ नये. पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट वाढते, मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि नॉकिंगचा धोका पुन्हा वाढतो. कॉम्प्रेशन कमी करायचे तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन घालूनच.

इंधनाचेही तसेच. ११८ पीएसला प्रत्येक इंजेक्टरमधून मिनिटाला सुमारे १८० सीसी पेट्रोल पुरते. बूस्टवर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) ठेवावे लागते, म्हणून १५० पीएसला तेच २९५ सीसी लागते. त्यात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त लागते. म्हणजे ३२० च्या खालचा इंजेक्टर चालणार नाही. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हा फायदा खरा, पण इंजेक्टर आणि पंप अपुरे असतील तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टनला भोक पडते. जुन्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात. किटसोबत मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) बदलला का, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) खरोखर नव्याने ट्यून केला की मधे एक छोटा डबा जोडून जुन्यालाच फसवले, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण; एकच्या खाली म्हणजे रिच) ०.८० ते ०.८२ दाखवला का, हे विचारायलाच हवे. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि गॅप १.१ ऐवजी ०.७-०.८ मिलिमीटर, नाहीतर बूस्टवर ठिणगी विझते आणि गाडी झटके देते. क्लच प्लेट तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये घसरू लागते, तो खर्च वेगळा.

एक जागा गाडीखाली वाकून स्वतः बघण्यासारखी आहे. टर्बोतून ऑईल परत येणारी नळी. ऑईल दाबाने आत जाते, पण बाहेर येते ते फेसाळलेले, केवळ उतारावर. म्हणून परतीची नळी किमान १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची, सतत खाली उतरणारी, आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑईलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. घाईत ती खाली वेल्ड केलेली किंवा मधे पोट पडलेली असते. मग ऑईल तुंबते, टर्बोच्या सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरते, निळा धूर निघतो आणि बिचाऱ्या टर्बोला नाव ठेवले जाते. नवा टर्बो घातला तरी धूर तसाच.

उष्णतेबद्दल इथल्या वाचकांनी जास्त सावध राहावे. इंटरकूलर वाऱ्यावर चालतो. घोडबंदर रोडवर वीस मिनिटे रखडल्यावर तो स्वतःच तापून बसतो, आणि रस्ता मोकळा होताच पाय दाबला की इंजिनाला सर्वांत गरम हवा मिळते. ट्यूनिंगमध्ये आत येणाऱ्या हवेच्या तापमानाप्रमाणे टायमिंग मागे घेण्याची सोय नसेल तर इंजिन जाते ते अशाच वेळी. पाम बीच रोडवर पहाटे ट्रायल घेऊन गाडी ताब्यात घेणाऱ्याला हे कळतच नाही.

माझे मत स्पष्ट आहे. अकराच्या वर कॉम्प्रेशन असलेल्या, न खोललेल्या इंजिनाला टर्बो किट लावू नये. ज्यांना टर्बोच हवा, त्यांनी कंपनीतून टर्बो घेऊन आलेली गाडी घ्यावी. तिथेही रिमॅपला (ईसीयूचे ट्यूनिंग बदलून ताकद वाढवण्याला) मर्यादा आहे: फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गियरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गियरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर आणि दीड लिटर टीएसआय टर्बो इंजिनाचा टॉर्क मुळातच २५०, म्हणजे वाढवायला जागाच नाही.

जुनी गाडी ठेवायचीच असेल तर आधी थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन टेस्ट करा. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताकदीचा विषय बंद, दुरुस्तीचा सुरू. ठीक असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग, इंजेक्टर सफाई, मग चांगला ४-२-१ (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) हेडर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून) आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) केलेला रिमॅप. आठ-दहा टक्के मिळतात आणि इंजिन टिकते. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावू नका. हवा दहा अंश तापली की घनता तीन टक्के जाते, वाढतो तो फक्त आवाज. बंपरमध्ये खाली तोंड केलेला पाईप तर मुळीच नको. जुलैत ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबले की तो ते सरळ सिलिंडरमध्ये ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायद्याचेही माहीत असावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

पण हेडर चालतो का, रिमॅप चालतो का, कशाला परवानगी लागते आणि ती कोणत्या अर्जावर मिळते, हे सामान्य गाडीमालकाला साध्या मराठीत सांगणारे कोणी नाही. ठाणे आणि वाशीच्या आरटीओ कार्यालयांनी अशी यादी दर्शनी भागात लावावी आणि गॅरेजांनाही पाठवावी, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपला,
इंजिन दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)