कोजागिरीला कोणता लांडगा?

चोपडा,
घटस्थापना

प्रिय बापू,

बठ्ठं बरं शे ना? तुझं पत्र मिळालं. कोजागिरीला मळ्यात पडदा बांधायचा आणि वेअरवुल्फचाच, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाचा, सिनेमा लावायचा, हे पक्कं. पण तू 'डॉग सोल्जर्स'चा हट्ट धरलायस आणि वर विचारतोस की ते जुनंपुराणं काळंपांढरं कोण बघणार. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. माझं मत १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'ला आहे.

'डॉग सोल्जर्स' मलाही आवडतो. स्कॉटलंडच्या डोंगरात अडकलेले सैनिक, रानातलं एकटं घर, रात्रभर चाललेली झुंज. दिग्दर्शक नील मार्शलने एक मिनिट वाया घालवलेलं नाही. पण त्यातला लांडगा मेला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. माझ्या मनात वर्षानुवर्षं घर करून राहिलेत ते सिनेमे वेगळे. त्यांत लांडगा घरचाच माणूस असतो, आणि त्याला संपवायची वेळ त्याच्यावर जीव टाकणाऱ्यावरच येते.

ती काठी आठव. लॅरी टॅलबट भाऊ गेल्यावर वडिलांकडे परत येतो. गावातल्या दुकानात ग्वेन नावाच्या मुलीशी बोलायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून चांदीच्या लांडग्याची मूठ असलेली काठी विकत घेतो. त्याला चावणारा लांडगा तो त्याच काठीने मारतो. पुढे स्वतःचं काय होतंय हे त्याला उमगतं, पण सर जॉन, त्याचे वडील, मानायला तयार नाहीत. पोराच्या मनाचा आजार आहे म्हणून ते त्याला खुर्चीला बांधतात. ते बाहेर निघाले की लॅरी काकुळतीला येऊन सांगतो, काठी बरोबर न्या. बापू, तो स्वतःचा मृत्यू स्वतःच बापाच्या हातात देतो! धुक्यात बाप त्याच काठीने घाव घालतो. मग म्हातारी मलेवा, म्हणजे लॅरीला चावलेल्या त्या लांडग्याची आई, येते आणि स्वतःच्या मुलाच्या शवपेटीजवळ म्हटलेलेच शब्द याच्यासाठी म्हणते: तुझी वाट काट्यांची होती, पण त्यात तुझा दोष नव्हता. केस विरत जातात, खाली लॅरीचा चेहरा दिसू लागतो, आणि सर जॉन झालेला क्लॉड रेन्स नुसता बघत उभा राहतो. तेवढ्या क्षणासाठी मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो.

ही कथा कर्ट सिओडमॅकची. तो ज्यू होता, नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. त्याच्या कथेत लांडगा झालेल्या माणसाला पुढच्या बळीच्या तळहातावर चांदणी दिसते. १९४१ साल, तिकडे नाझी ज्यूंना कपड्यांवर चांदणी लावायला लावत होते, आणि इथे माणसावर उमटलेली चांदणी! ते मनात आलं की तो प्रसंग मला साध्या भुताखेताचा वाटत नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही सांगतो. या सिनेमात पौर्णिमेची अट नाहीच. वुल्फ्सबेन नावाचं विषारी झाड फुलतं आणि शरदाचं चांदणं असतं, तेव्हा माणूस बदलतो. पौर्णिमा आली ती १९४३ च्या पुढच्या भागात. पण आपली कोजागिरी शरदातलीच ना?

'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' मला तितकाच प्रिय आहे. रूपांतर कसं दाखवावं ते रंगभूषाकार रिक बेकरकडून शिकावं. १९८१ साल, संगणकाची करामत नाही. भरपूर उजेडाची साधी बैठकीची खोली, मागे 'ब्लू मून' गाणं, आणि लांडगा होणारा डेव्हिड आपला तळहात लांबत जाताना बघतोय. अंधार नाही, झाकपाक नाही, म्हणून त्याचं दुखणं आपल्या हाडांत शिरतं. उत्कृष्ट रंगभूषेचं पहिलं स्पर्धात्मक ऑस्कर याच कामाला मिळालं. शेवटी गल्लीत त्याची प्रेयसी अ‍ॅलेक्स त्याला आपलं प्रेम असल्याचं सांगते, तो क्षणभर थबकतो असं वाटतं, आणि झेप घेतो. गोळ्या पोलिसांच्या, पण समोर उभी ती. हा लावला असता, पण मुलंबाळं असतील आणि त्यात रक्त फार आहे.

'जिंजर स्नॅप्स'ही त्याच कारणाने नको. तो तू एकट्याने बघ. दोघी बहिणी, एकीला लांडग्यासारखं काहीतरी चावतं. धाकटीच्या एका हातात औषधाची सुई आणि दुसऱ्यात सुरी असते, आणि थोरली सुरीवर येऊन पडते. मग धाकटी त्या जनावराच्या अंगावर डोकं टेकवून बसून राहते. मला तर बोलवेना.

आपल्याकडचं म्हणशील तर 'जुनून'मध्ये पौर्णिमेला माणसाचा वाघ होतो. 'भेडिया'त विनोद जास्त झालेत, पण त्यातला विचार मला पटतो: रस्त्यासाठी जंगल तोडायला आलेला माणूसच त्या जंगलाचा रखवालदार होतो. सातपुड्यात वाघदेवाला पुजणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मागे आपल्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या तेव्हा पहाटे मी खरा लांडगा पाहिला. पोट खपाटीला, पाय काटक्यांसारखे. कुत्री धावली तसा तो बांधावरून खाली उतरला. मी दगड उचलला, तर ठेलारी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना, त्याले बी पोट शे." परदेशी सिनेमावाल्यांनी लांडग्यावर उगाच एवढा शाप लादला, असं मला तेव्हापासून वाटतं. म्हणून तर लॅरीवर माझा जास्त जीव. तो दुष्ट नाहीच.

'वुल्फ मॅन' सत्तर मिनिटांचा आहे, दूध आटेपर्यंत संपेल. पडदा आंब्याखाली पूर्वेकडे पाठ करून बांधू, म्हणजे चांदण्याने चित्र फिकं पडणार नाही. प्रोजेक्टर मी आणतो. तू मोठा स्पीकर आण, आणि वहिनींना भरताची वांगी सांगून ठेव. आमच्याकडची या वेळी किडली. संवाद इंग्रजी आहेत, तेव्हा आईसाठी आणि मुलांसाठी शेजारी बसून मराठीत सांगायचं काम तुझं. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

तुझा,
नाना