शेकडा किती, ते मराठीत सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

लोन ॲपमध्ये कुणी अडकलं की लगेच "लोकांना पैशातलं कळत नाही" असं म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही म्हणून लिहितोय. माझं रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे "दादा हे काय आलंय बघा की" म्हणत लोक मोबाईल घेऊन माझ्याकडंच येतात. परवा लूमवरचा एक पोरगा आला, ॲपवरनं ५००० काढलेले, हातात पडले ३२००, कारण १८०० प्रोसेसिंग फी आधीच कापलेली, आणि सातव्या दिवशी भरायचे ५०३५. स्क्रीनवर व्याज काय तर रोज ०.१ टक्का, ३५ रुपये! मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, ३२०० वर १८३५ म्हणजे शेकडा ५७, तेही महिन्याचे नाहीत, आठवड्याचे. पोरगं गप्पच झालं. मग म्हणालं, "सावकारानं शेकडा १० मागितलं तर आई त्याला दारात उभं करत नाही."

आता ही आई लिलाव भिशीचा हिशोब तोंडी करते, तिला अडाणी कोण म्हणेल? व्याजाला फी म्हटलं की भलेभले गंडतात. केनियात २०१२ ला एम-श्वारी नावाचं फोनवरचं कर्ज आलं, ३० दिवसांना साडेसात टक्के, तिथंही नाव फीच. म्हणजे आपल्या भाषेत शेकडा साडेसात.

रिझर्व्ह बँकेने २०२२ ला नियम केलेत, कर्जाआधी केएफएस, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एका जागी देणारं पत्रक, द्यायचं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर लिहायचा, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत पाहिजे हेही नंतर सांगितलंय. पण मी दुकानात आजवर बघितलेले सगळे इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि खाली ॲग्रीचं बटण मात्र हे एवढं मोठं. बोगस ॲपवाले तर तेवढंही करत नाहीत. कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही असा नियम असूनही या पोराच्या मामाला रात्री ११ ला शिव्यांचे मेसेज गेले. पोराला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावून दिला.

माझं म्हणणं एवढंच, की बटणाच्या वर मराठीत, मोठ्या अक्षरात तीन ओळी टाका: हातात किती पडणार, कधी किती भरायचे, आणि फी धरून शेकडा दरमहा किती. त्या आईला तेवढं पुरे आहे.

आपला,
एक रिचार्ज दुकानदार, इचलकरंजी