दर फेब्रुवारीला तेच वर्कशीट

संपादक महोदय,

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी आठवीत आहे. गेल्या फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथचं (काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना) म्हणून तिने एक वर्कशीट आणलं, वर बसचं चित्र, खाली गाळलेल्या जागा भरा, आणि उत्तरं नेहमीचीच, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग. म्हणते, बाबा हे मी तिसरीपासून भरतेय. इथे हा इतिहास शाळेत शिकवायचा कायदा २००२ पासून आहे, तरी ही गत.

माझं म्हणणं एवढंच की या वयाच्या पोरांना त्यांच्याच वयाच्या पोरांचं सांगा ना. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्सने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली सीट सोडायला नकार दिला, त्याच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन अशीच सीटवरून उठली नव्हती, वय १५. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलची बार्बरा जॉन्स १६ची. तिची शाळा फक्त काळ्या मुलांची, बांधलेली साधारण १८० मुलांसाठी आणि शिकत होती ४५०च्या वर, मग बाहेर डांबरी कागद ठोकलेली खोपटी उभी केलेली, पाऊस आला की गळायची, शेगडीजवळचं पोर भाजून निघायचं आणि लांबचं कोट घालून कुडकुडायचं. २३ एप्रिल १९५१ ला हिने मुख्याध्यापकांना खोट्या फोनवर बाहेर काढलं, सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि थेट संप! (आमच्या शाळेत एवढी हिंमत कुणाची झाली असती?) त्या संपातून कोर्टात केस झाली, ती पुढे शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राऊन खटल्यात गेली आणि १९५४ ला सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

पुढचं ऐकून मुलगी जेवता जेवता थांबली. एकत्र शाळा नकोत म्हणून तिथल्या काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळ्या मुलांपैकी काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी धाडलं, कितीतरी घरीच बसली.

आपल्यातलेच काही पालक म्हणतात, आपल्या मुलांना याच्याशी काय करायचंय. अहो, १९६४ ला भेदभावाविरुद्धचा सिव्हिल राइट्स कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला तो त्याच वाऱ्यात, नाहीतर आपण कसले येतोय इथे.

मुलीचा प्रश्न साधा होता, शाळा बंद झाली तेव्हा जो तिसरीत होता तो उघडल्यावर कितवीत बसला? तिला म्हटलं वहीत लिहून ठेव, ऑक्टोबरच्या पालक सभेला घेऊन जाणार आहे.

– एक पालक, न्यू जर्सी