मिटलेल्या पासपोर्टबद्दल आभार

आदरणीय आपा,

तुम्हांला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, तुमच्या खिडकीसमोर रांगेत बसलेल्या बांगलादेशी बायका तुम्हांला ज्या नावाने हाक मारत होत्या, तेच मी उचलले. खरे नाव तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होते, पण ते वाचता येण्याइतके माझे डोळे त्या दिवशी कोरडे नव्हते. तरीही हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण नवऱ्याच्या पीएचडीमागे एफ-२ व्हिसावर न्यू यॉर्क शहरात आलेल्या माझ्यासारख्या मुलींच्या हाती ते पडावे, अशी माझी इच्छा आहे. तुम्हांला त्यातला मजकूर मी खिडकीशी येऊन माझ्या मोडक्या हिंदीत सांगेन.

तो मंगळवार होता, १६ जानेवारी २०२४. जवळपास दोन वर्षांच्या खंडानंतर शहरात इंचभर बर्फ साचला होता, रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरच्या रेल्वेपुलाखाली त्याचा काळा चिखल झाला होता, आणि मला चौदावा आठवडा चालू होता. या चौदा आठवड्यांत मला एकाही डॉक्टरने तपासलेले नव्हते. नवऱ्याच्या विद्यापीठाच्या विम्यात बायकोचे नाव घालायचे, तर त्याच्या शिष्यवृत्तीतले घरभाडे गेल्यावर उरणारे पैसे त्यालाही पुरत नव्हते.

तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी तीन ठिकाणी खेटे घातले होते. एका दवाखान्यात स्वागतकक्षातल्या बाईंनी माझा पासपोर्ट दोन बोटांत धरला, व्हिसाचे पान काढून शेजारणीला दाखवले आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, मी पात्र नाही, रोख पैसे भरणार असेन तर बसावे. एका विमा एजंटाने, तोही आपल्याकडचाच, मला समजावले की आधी ग्रीन कार्ड मिळायला हवे, त्यानंतर पाच वर्षे थांबायला हवे, आणि मग मेडिकेडचे नाव काढावे. तिसरे ठिकाण म्हणजे ओळखीतल्या एक वहिनी. त्यांनी चहाबरोबर सल्ला दिला की कळा सुरू झाल्या की थेट इमर्जन्सीत जाऊन उभे राहायचे, कायद्याने ते कोणाला परत पाठवू शकत नाहीत. यातले कायद्याचे बोल खोटे नव्हते. पाच वर्षांची अट १९९६ च्या ऑगस्टपासून खरोखरच आहे, आणि इमर्जन्सीत आलेल्या बाळंतिणीला हाकलता येत नाही हेही १९८६ पासून खरे आहे. मात्र न्यू यॉर्कमधल्या गरोदर बाईला त्या पाच वर्षांशी काही देणेघेणे नाही, हे एजंटाला ठाऊक नव्हते. आणि कळा सुरू होईपर्यंतचे सहा महिने माझ्याकडे कोण बघणार, हे वहिनींनी विचारात घेतले नव्हते.

मी मिरजेची आहे. लहानपणी आजीबरोबर सिव्हिलला जायची, तेव्हा केसपेपरच्या खिडकीवर गर्दी असे, कारकून खेकसत असे, कधी कधी सकाळी गेलेल्या आम्ही दुपारी परतत असू. पण तू इथली आहेस का, असे आजीला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे आजाराच्या आधी पासपोर्ट दाखवायचा असतो, ही गोष्ट मला इथे नव्याने शिकावी लागली, आणि ती मी इतकी नीट शिकले की तुमच्यासमोर बसताना पासपोर्ट मी आधीच व्हिसाच्या पानावर उघडून, त्यात बोर्डिंग पासचा तुकडा खूण म्हणून घालून, काचेखालच्या फटीतून तुमच्याकडे सरकवला. तुम्ही काही विचारायच्या आत.

तुम्ही तो वाचला नाहीत. बोर्डिंग पासचा तुकडा काढून बाजूला ठेवलात, पासपोर्ट मिटलात, वरून तळहात एकदा फिरवून त्याचे वर आलेले कव्हर सपाट केलेत आणि दोन्ही हातांनी तो माझ्याकडे परत सरकवलात. “इसे अंदर रखो, इसका यहाँ काम नहीं है।” आणि मग पहिला प्रश्न केलात तो बाळाच्या तारखेचा.

आपा, मी आभार मानते आहे ते मुख्यतः या एवढ्याशा गोष्टीचे. बाकीचे, अर्ज भरणे, कागद मागणे, त्याच दुपारी तात्पुरती पात्रता देऊन आठवड्याच्या आत पहिली तपासणी ठरवून देणे, हे तुम्ही दिवसाला कितीदा करत असाल कोण जाणे, आणि त्याचा तपशील इथे देऊन मी वाचणाऱ्यांना कंटाळा आणणार नाही. पण तो पासपोर्ट ज्या पद्धतीने तुम्ही मिटलात, ती पद्धत कोणत्याही नियमात लिहिलेली नसणार. नियम फक्त एवढेच सांगतो की या राज्यात गरोदर स्त्रीला मेडिकेडसाठी आपल्या व्हिसाचा पुरावा द्यावा लागत नाही. तो नियम सांगून तुम्ही पासपोर्ट नुसता ढकलूनही देऊ शकला असतात.

घरात माणसे किती, असे तुम्ही विचारलेत तेव्हा मी दोन म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, तीन बोटे वर केलीत आणि तीन लिहिलेत. पोटातले बाळ घरातल्या माणसांत धरायचे आणि मग उत्पन्नाची मर्यादा बघायची, हा तिथला हिशेब आहे हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र मला एवढेच समजले की, नवरा आणि मी सोडून माझ्या बाळाला पहिल्यांदा कोणीतरी मोजले आहे, तेही एका सरकारी रकान्यात.

ग्रीन कार्डाच्या भीतीचा विषय तर तुम्हीच काढलात, मला विचारायचे धैर्य नव्हते. आमच्या एका ग्रुपवर कोणीतरी लिहिले होते की मेडिकेड घेतलेस तर सरकारवर भार ठरशील आणि कार्ड विसरावे लागेल. “पब्लिक चार्ज” हा शब्द १८८२ च्या कायद्यापासून या देशात माणसांना घाबरवतो आहे. २०२० साली तो नियम कडक झाला होता, तेव्हासुद्धा गरोदरपणातले मेडिकेड त्यात मोजले जात नव्हते, आणि तो कडक नियम २०२१ च्या मार्चमध्ये गेलाही, हे तुम्ही मला एका कागदावर लिहून दिलेत. पुढे कायदे काय होतील ते मी सांगू शकत नाही, आज हे असे आहे, असेही तुम्ही म्हणालात. खोटा दिलासा न देण्याचा तो प्रामाणिकपणा आज, वारे पुन्हा फिरत असताना, मला अधिक मोलाचा वाटतो. (न्यू यॉर्कबाहेरच्या मैत्रिणींनी माझ्या अनुभवावर विसंबू नये; प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.)

एप्रिलमध्ये माझी साखर वाढलेली निघाली. दिवसातून चार वेळा बोट टोचून वहीत आकडे लिहायचे, भात मोजून खायचा, दर दोन आठवड्यांनी दाखवायला जायचे, असे जुलैपर्यंत चालले. मशीन, पट्ट्या, औषध, सगळे मेडिकेडच्या कार्डावर मिळाले. वहिनींच्या सल्ल्याप्रमाणे कळा येईपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, हे मी डॉक्टरांना एकदा विचारले होते. त्यांनी जे सांगितले ते मी आईलाही कळवलेले नाही.

ज्यांनी मला परत पाठवले, ती माणसे दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत नसताना ती ठामपणे ‘नाही’ म्हणाली. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, असे मी समजत आले होते. एजंट तर तुमच्यापेक्षा कितीतरी गोड बोलत होता. तुम्ही फार हसलाही नाहीत. पण तुम्हांला तुमचे काम पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच मी कोण, कुठली, कोणत्या शिक्क्यावर आलेली, हे बघण्याची तुम्हांला गरज पडली नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला आपले काम चोख येत असावे, याहून मोठी माणुसकी समोरच्या घाबरलेल्या माणसाला दाखवता येत असेल, असे मला वाटत नाही.

गुरुवारी मुलीचे उष्टावण आहे. खिरीचा छोटा डबा घेऊन मी गेल्या आठवड्यात चौकशी केली, तेव्हा तुम्ही रजेवर होतात, आणि कर्मचाऱ्यांना लोकांकडून काही घेता येत नाही, असे तुमच्या सहकारी बाईंनी मला सांगितले. डबा मी परत आणला. पत्र घ्यायला तरी मनाई नसावी, म्हणून हे लिहिले आहे.

तुमची कृतज्ञ,
जॅक्सन हाइट्समधली एक मिरजकर
१२ जानेवारी २०२५