कस्तुराची शीळ आणि गाडीतला दणदणाट

महोदय,

गेल्या रविवारी नातवाला घेऊन राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा बघायला गेले. रंकाळा स्टँडवरून पहाटेची एसटी, पिशवीत भाकरी, खर्डा आणि माझी जुनी दुर्बीण. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण पावसाळ्यात राधानगरीला गेले नाही तर वर्ष सुनं वाटतं.

आठच्या आत पोचलो म्हणून कस्तूर पक्षी ऐकायला मिळाला. माणूस शीळ घालतोय असं वाटून नातू चक्क मागे वळून बघत होता! पुढे कारवीच्या झुडपांत हिरवा चापडा दिसला. हा साप भक्ष्याची वाट बघत तासन्‌तास एका जागी बसतो, म्हणून आम्ही लांबूनच पाहिला. परतीला दाजीपूरच्या बाजूला गेलो, तर रस्त्याकडेला गवा. पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय, बाकी काळाभोर.

दहानंतर मात्र धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. डिकी उघडून स्पीकर, हलगीचा ठेका, आणि पाण्यात बाटल्या फुटलेल्या. नातवाच्या तळव्यात काच घुसली. कस्तूर केव्हाच गप्प झाला होता.

राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं, ३५१ चौरस किलोमीटरचं. धबधब्याच्या वाटेवर निदान रविवारी गाड्या लांब थांबवून स्पीकर आणि बाटल्या तपासायला एक माणूस बसवणं एवढं अवघड आहे का? पार्किंगचे पैसे घ्यायला दोघे हजर होते.

– एक निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर